मैदानावर मुलं आणायची कशी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना जोडल्या आहेत.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पाण्याची टाकी, लिफ्ट, गळकी गच्ची या विषयांवर आपण पंचवीस वर्षं भरपूर बोललो आहोत. त्यामुळे कमिटीनं मला सांगितलं की, काका, तुम्ही वेगळं काहीतरी बोला. विषयही त्यांनीच दिला : आपल्या क्रीडा मंडळाकडे नवीन मुलं यावीत म्हणून पेपर, टीव्ही, मोबाईल यांचा उपयोग कसा करायचा. मी म्हटलं, अहो, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मला मोबाईलवर फोटो पाठवायला नात शिकवते. पण मग विचार केला, आयुष्यभर आपण काय केलं? लोकांना बँकेच्या दारात आणलं. काम तेच आहे. फक्त काउंटरच्या जागी मैदान आहे.

हा विषय आजच का, ते आधी सांगतो. आपल्या मागच्या मैदानावर गेली कित्येक वर्षं आपण कबड्डी आणि खो-खो खेळतो. ते मैदान आपलं नाही, हे नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल. शेजारच्या वाडीवाल्यांनी ते भाडं न घेता वापरायला दिलं आहे. कागद नाही, करार नाही, शब्द आहे. मागच्या पावसाळ्यानंतर ते मला कुंपणाजवळ भेटले. म्हणाले, "साहेब, खेळतंय कोण हल्ली? चार पोरं दिसतात. मंडपवाला गोडाऊनसाठी जागा मागतोय. पुढच्या दिवाळीपर्यंत बघतो." माणूस चांगला आहे, रागानं बोलला नाही. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. रिकामं मैदान फार दिवस मैदान राहत नाही. त्यामुळे आजचा विषय म्हणजे नुसती प्रसिद्धीची हौस नाही. वर्षभरात तिथे मुलं दिसली नाहीत, तर पन्नासावा वाढदिवस साजरा करणाऱ्यांना तिथे बांबू आणि ताडपत्र्या दिसतील.

आता मुद्द्यावर येतो. बँकेत आम्हाला एक गोष्ट फार उशिरा कळली. खातं उघडणं सोपं असतं, खातं चालू ठेवणं अवघड. मोहीम निघायची, टेबलं मांडायची, शंभर खाती एका दिवसात उघडायची, वरच्या ऑफिसला तार जायची. वर्षानं लेजर उघडावं तर निम्म्या पानांवर पहिल्या भरण्यानंतर एकही नोंद नाही. खेळाच्या मंडळाचंही तसंच आहे. तीन वेगळ्या गोष्टी आहेत : माणसाला कळणं, माणूस एकदा येणं, आणि माणूस टिकणं. पेपर, टीव्ही, मोबाईल ही माध्यमं पहिली गोष्ट करतात. नीट वापरली तर दुसरीही करतात. तिसरी मात्र मंडळालाच करावी लागते. आपण गोंधळ करतो तो इथेच. पहिलीला तिसरी समजतो.

याचा पुरावा आपल्याच मैदानावर आहे. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्यानंतरच्याच शुक्रवारी, १ ऑगस्टला, आपला पालघर जिल्हा झाला, म्हणून तो आठवडा माझ्या पक्का लक्षात आहे. तोपर्यंत कबड्डी म्हणजे गुढघे सोलटणारा, मातीतला, गावाकडचा खेळ. टीव्हीवाल्यांनी काय केलं? खेळाला मॅटवर आणलं, दिवे लावले, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ दिसेल असं पडद्यावर ठेवलं, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' केली. ज्यानं आयुष्यात कबड्डी पाहिली नव्हती त्यालाही कळायला लागलं की आता काहीतरी होणार. पहिल्याच मोसमात त्रेचाळीस कोटींवर लोकांनी सामने पाहिल्याचे आकडे छापून आले होते.

आणि आपल्याकडे काय झालं? पाऊस थांबताच चाळीसेक पोरं मैदानावर. कुणी अनुप कुमार, कुणी आणखी कोण. आम्ही खूश. दिवाळी झाली आणि बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेव्हा आम्ही म्हटलं, आजच्या पोरांना चिकाटी नाही. आता मान्य करतो, चिकाटी आमच्यात नव्हती. शिकवणारा एकच. मोठी पोरं सात-सात जणांचे संघ करून खेळायची आणि नवीन आलेलं दहा वर्षांचं पोर रेषेबाहेर उभं राहून बघायचं. बघायचंच आहे तर घरी टीव्ही आहे की! टीव्हीनं मुलं आमच्या दारात आणून सोडली होती. आम्ही दार उघडलं, पण आत बसायला चटई टाकली नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. २०१२ साली लंडनला ऑलिंपिक झालं, तेव्हा नवी पिढी खेळाकडे वळावी हे त्यांचं घोषवाक्यच होतं. जगभर प्रसिद्धी झाली. त्यांच्याकडे दरवर्षी पाहणी होते. स्पर्धेच्या सुमारास नियमित खेळणारे वाढले, आणि दोन-तीन वर्षांत आकडा परत खाली आला. एवढा पैसा, एवढा टीव्ही असून! उलट त्याच लंडनमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी एका बागेत तेरा माणसं पाच किलोमीटर पळाली. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, तीच बाग, तीच वेळ, फी नाही, पहिला-शेवटचा असा अपमान नाही, व्यवस्था स्वयंसेवकांची. त्याचं नाव पार्करन. आज ते वीसहून अधिक देशांत चालतं. त्यांची मोठी जाहिरात काय होती? शनिवारी नऊ वाजता गेलं की ते असतंच, ही खात्री. आपल्याकडे एसटीला जी किंमत आहे ती कशामुळे? फाट्यावर बोर्ड आहे म्हणून नाही, गाडी येते म्हणून.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, प्रसिद्धी करण्याआधी वेळ नक्की करा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. पाऊस असला तर हॉलमध्ये सूर्यनमस्कार, पण बंद नाही. ज्या दिवशी नवीन पोर येईल त्या दिवशी त्याच्या अंगाला माती लागलीच पाहिजे. पहिली वीस मिनिटं नवीन मुलांची, मग मोठ्यांचे सामने. ही चटई आधी टाकायची.

आता दुसरी गोष्ट, कुणाकडे जायचं आणि कसं. इथे मला लंडनला जायची गरज नाही. आपल्या खिडकीतून दिसते ती कोसबाडची टेकडी पुरे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बालवाडी काढली. पण ज्यांच्यासाठी काढली त्या वस्तीतली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला अंगावर धड कपडा नाही म्हणून लाज. आपण असतो तर काय केलं असतं? बोर्ड मोठा केला असता. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९५७ मध्ये काम कोसबाडला आलं, तर इथली वारली मुलं गुरांमागे रानात. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथे शाळा. साधनंसुद्धा इथलीच, शंख-शिंपले, बिया, पानं. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारनं बालविकास योजना आणली तेव्हा देशभरातल्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडी. आपल्या तालुक्यातला शब्द देशानं घेतला, आणि आपण मात्र आपल्याच मंडळात तो विसरलो.

आपण काय करतो? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो : 'मंडळाचे वर्ग सुरू, इच्छुकांनी संपर्क साधावा.' तो ग्रुप कुणाचा? आपलाच. म्हणजे ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना आपण परत कळवतो. पलीकडच्या पाड्यावरच्या मुलाच्या घरी फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर माध्यमं वेगळी आहेत आणि ती जुनीच आहेत. शाळेचा परिपाठ, आठवडे बाजार, रेशनचं दुकान, आणि गावातली भिंत.

भिंतीवरून आठवलं. ज्या मातीत वारली चित्रकला घराच्या कुडावर जन्मली, जिवा सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, त्या डहाणू तालुक्यात आपण कबड्डीची जाहिरात मुंबईहून छापून आणलेल्या फ्लेक्सवर करतो. त्याऐवजी एखाद्या भिंतीवर, मालकाला विचारून, गेरू आणि पांढऱ्या रंगात खो-खोची रांग काढा. पाड्यावरच्याच मुलांना काढू द्या. खाली दिवस आणि वेळ. तारप्याभोवतीची रांग काढणाऱ्या हाताला खो-खोची रांग जड नाही. शिवाय ज्यानं ते चित्र काढलं ते पोर खेळायला आल्याशिवाय राहील का?

भाषेचंही तसंच. आपला हा सीमेवरचा तालुका. वारली आहे, धोडी आहे, मराठी आहे, गुजराती आहे, बाजारात सगळ्यांची मिळून एक पाचवी आहे. टेम्पोवर भोंगा लावून बोलायला पुण्याच्या निवेदकासारखा आवाज नको. पाड्यावरचाच एखादा मोठा मुलगा बोलला की बायका थांबून ऐकतात. अर्थात भोंग्याला परवानगी घ्यायची, आणि आवाज माणसाला सोसेल एवढा ठेवायचा.

रेडिओचंही एक उदाहरण सांगतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढली, १९९७ मध्ये. बँकवाला म्हणून मला तिचं कौतुक. त्याच परिवारानं २००८ पासून 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ चालवला आहे, आणि गावातल्या मुलामुलींना खेळाडू म्हणून घडवण्याचा उपक्रमही त्यांचा आहे. म्हणजे बँक, रेडिओ आणि मैदान एका छपराखाली. गावातला आवाज, गावातली बातमी. आपल्याकडे असा रेडिओ नसेल, पण त्याचं तत्त्व घेता येतं. मोठ्या वाहिनीनं आपल्याला दाखवावं याची वाट न बघता, आपल्या माणसांनी आपल्या माणसांना सांगायचं.

जवळचं उदाहरण माणसाला हलवतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत घ्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. पेपरवाल्यांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटलं. बघा, नुसतं 'एक्स्प्रेस' म्हटलं असतं तर विसरलो असतो. पाड्याचं नाव लागलं आणि प्रत्येक पाड्यावरच्या मुलीला वाटलं, आपल्याही पाड्याचं नाव लागू शकतं. बातमी लिहिताना हे लक्षात ठेवा. 'मंडळाचे घवघवीत यश' याला काही अर्थ नाही. कोणत्या पाड्याचा संघ, कोणत्या शाळेचा संघ, ते लिहा.

पेपरवरून सांगतो. एक काळ असा होता की मराठी पेपरात खेळ म्हणजे कोपऱ्यातली चार ओळींची बातमी. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला हक्काची जागा मिळवून दिली, आणि क्रिकेटच्या बरोबरीनं कबड्डी, खो-खो, कुस्तीवर लिहिलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पेपर शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली ती त्यामुळे. आजही जिल्हा पुरवणीत जागा असते. पण वार्ताहर आपल्याकडे येत नाही अशी तक्रार करण्याआधी आपण काय पाठवतो ते बघा. सामना रविवारी, बातमी गुरुवारी, तीही दोन पानी, त्यात दीड पान पाहुण्यांची नावं. वार्ताहराला हवी असते शंभर शब्दांची बातमी, त्याच संध्याकाळी : कोण, कुठे, कधी, किती गुणांनी, आणि पुढे काय. 'पुढे काय' हे सर्वात महत्त्वाचं. 'पुढील शनिवारपासून नवोदितांसाठी वर्ग, पाच वाजता' ही एक ओळ बातमीच्या शेवटी गेली की बातमीचं काम झालं.

आता फ्लेक्स. कुणाला उद्देशून नाही, पण आपला मागच्या स्पर्धेचा फ्लेक्स आठवा. वर तीन मोठे चेहरे, मध्ये पाच मध्यम चेहरे, खाली तीस शुभेच्छुक, सगळे हात जोडून किंवा गॉगल लावून. खेळणारं एकही पोर त्यावर नाही. वेळ एवढ्या बारीक अक्षरात की चष्मा पुसून वाचावी लागली. मी गणित केलं. पाव टक्का जागासुद्धा खेळाला मिळाली नव्हती. ज्या मुलाला यायचं आहे त्याला पाच गोष्टी कळल्या पाहिजेत : काय, कुठे, कधी, किती पैसे, आणि गेलो तर कुणाला विचारायचं. सहावी हवी असेल तर ही : 'खेळता येत नसलं तरी चालेल.' माझं मत विचाराल तर हीच पहिली.

नमुना म्हणून मी एक सूचना लिहून आणली आहे. ती अशी :

'खो-खो आणि कबड्डी शिकायची आहे? वय ८ ते १६. मुली आणि मुलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी ५ ते ६.३०. सोसायटीमागचं मैदान. फी नाही. बूट नसले तरी चालतील. खेळता येत नसलं तरी चालेल, तेच शिकवतो. मुलींसाठी ताई असतात. आईवडिलांनी येऊन बसावं, बघावं.'

बस्स. यात एकही अलंकार नाही. पण 'बूट नसले तरी चालतील' या चार शब्दांनी जेवढी पोरं येतील तेवढी 'सुवर्णसंधी' या शब्दानं येणार नाहीत.

फोटो आणि व्हिडिओबद्दल दोन गोष्टी. आपण फोटो टाकतो ते कप हातात घेतलेल्या विजेत्यांचे. ते बघून जाडजूड, लाजरं पोर म्हणतं, हे आपलं काम नाही. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये बायकांनी खेळावं म्हणून मोठी मोहीम झाली. त्यांना आढळलं होतं की लोक काय म्हणतील या भीतीनं बायका मैदानावर येत नाहीत. म्हणून जाहिरातीत त्यांनी सुंदर मॉडेल घेतल्या नाहीत. घामाघूम झालेल्या, धापा टाकणाऱ्या, साध्या बायका दाखवल्या. आपणही अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करावा तो पहिल्या दिवशी पडलेल्या, उठलेल्या, हसणाऱ्या मुलांचा. त्यांच्या परवानगीनं.

आणि हा 'परवानगी' शब्द मी का उच्चारला, ते आता सांगतो. हे सांगणं मला सोपं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडे पाड्यावरची एक मुलगी खो-खोला यायची. नाव सांगत नाही. पळताना पाय जमिनीला लागतात की नाही कळायचं नाही. एका स्पर्धेत तिनं कमाल केली. मी उत्साहानं तिचा फोटो काढला आणि चार-पाच ग्रुपवर टाकला. पूर्ण नाव, पाडा, शाळा, आणि 'रोज संध्याकाळी आमच्या मैदानावर सराव करते' अशी ओळही. माझ्या मनात अभिमान होता. फोटो ग्रुपांवरून ग्रुपांवर गेला. कुणीतरी त्याखाली घाणेरडं लिहिलं. कुणीतरी शाळेच्या वाटेवर तिला नावानं हाक मारली. आठव्या दिवशी तिचा बाप आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मला विचारलं असतं तर." मुलगी बंद झाली.

आयुष्यभर मी खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगितली नाही. गुप्तता आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. आणि एका लेकराचं नाव, गाव, शाळा, येण्याची वेळ मी बाजारात वाटली. मुलं आणण्यासाठी केलेल्या प्रसिद्धीनं आमची सर्वात चांगली खेळाडू घालवली. ती प्रसिद्धी करणारा मी होतो.

म्हणून मंडळानं आता नियम केले आहेत आणि ते या स्मरणिकेत छापून राहावेत अशी माझी विनंती आहे. आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय मुलाचा फोटो नाही. गटाचा फोटो चालेल, पण फोटो आणि पूर्ण नाव आणि शाळा आणि वेळ, हे एकत्र कधीही नाही. मुलांना थेट मेसेज नाही, बोलणं पालकांशी. ग्रुपवर फक्त सूचना, कुणाच्या दिसण्यावर-पोशाखावर शब्द नाही, आणि कुणी लिहिला तर तो माणूस कितीही मोठा देणगीदार असो, ग्रुपमधून बाहेर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व आलं आहे. पण कायदा नसता तरी त्या बापाचं वाक्य पुरेसं होतं.

आता अलीकडचं सांगतो, म्हणजे आम्ही काही शिकलो की नाही ते कळेल. १९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुली आणि मुलं, दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. २०१४ सारखी संधी परत दारात आली होती. या वेळी चटई तयार होती. सोमवारी सकाळी आपल्या दोन कार्यकर्त्या शाळेत परिपाठाला गेल्या. पाच मिनिटं बोलल्या, सूचना वाचली, आणि तिथल्या तिथे पटांगणात मुलांना एक डाव खेळवून दाखवला. मंगळवारी मैदानावर नवीन मुली होत्या, आणि त्यांना पहिल्या दिवशी खेळायला मिळालं.

पण पाड्यांवरची मुलं फारशी आली नाहीत. का? माझ्या डोक्यात हे आधीच यायला हवं होतं, कारण याच हिशोबानं आम्ही पूर्वी कर्जाचे हप्ते बांधायचो. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात, नाहीतर आश्रमशाळेत असतात. जानेवारीत घराला कडी. जूनमध्ये परतली की आवणी. म्हणजे त्या मुलांसाठी आपली मोहीम हवी ती आवणी संपल्यापासून दिवाळीपर्यंत. आपण मात्र वर्षानुवर्षं शिबिर घेतो मे महिन्यात, कारण आपल्या मुलांना तेव्हा सुट्टी असते. माध्यम कितीही चांगलं असू द्या, माणूस घरी नसताना टपाल टाकून उपयोग काय?

शेवटी हिशोब. मंडळात मी एक साधी वही ठेवली आहे. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न : 'तुला कुणी सांगितलं?' उत्तर लिहायचं. महिन्यानं बघायचं की त्यातलं कोण टिकलं. अजून पानं थोडी भरली आहेत, म्हणून मोठे निष्कर्ष काढत नाही. पण एक सांगतो. सर्वात जास्त खर्च फ्लेक्सवर झाला आहे आणि सर्वात जास्त वेळा लिहिलं गेलेलं उत्तर आहे 'मैत्रिणीनं' किंवा 'दादानं'. म्हणजे आपलं सर्वात मोठं वर्तमानपत्र मैदानावरून घरी जाणारं पोरच आहे. ते घरी जाऊन काय सांगतं, 'मजा आली' की 'उभंच ठेवलं', यावर उद्याची हजेरी ठरते.

सभासदांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. वर्गणी मागत नाही, घाबरू नका. एक, आठवड्यातून एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसणारी माणसं हवीत, विशेषतः भगिनी. आई-आजी बसलेल्या दिसल्या की पाड्यावरची आई मुलीला सोडते. दोन, आपल्यातल्या तरुण मंडळींपैकी दोघांनी बातमी आणि फोटो हे काम नियमाप्रमाणे सांभाळावं. माझ्याकडून ते काढून घ्या, कारण सांगितलं आहे. तीन, पुढच्या स्पर्धेचा फ्लेक्स करायचाच असेल तर त्यावर एकही चेहरा नको. माझाही नको. नावं सेक्रेटरींकडे द्या, कार्यक्रम संपल्यावर ते इथेच टेबलापाशी थांबणार आहेत.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं मघाशी एका वहिनींनी खुणेनं विचारलं. ती परत आली नाही. पण या वर्षी आवणीनंतर तिची धाकटी बहीण येऊ लागली आहे. पहिले तीन दिवस आई बांधावर बसून होती, खेळ संपेपर्यंत. चौथ्या दिवशी बांध रिकामा होता आणि मुलगी एकटी आली. वहीत तिच्या नावापुढे मी प्रश्न विचारून उत्तर लिहिलं आहे : 'ताईनं सांगितलं.'

वाडीवाल्यांना मी ती वही दाखवणार आहे. तोवर तिची पानं भरायला मला मदत करा.